पाव फेरा ढिला

—नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे. मुद्दाम तसा ठेवलाय, सर त्यावर बसले की पाच मिनिटांत उठतात. तुम्ही या खुर्चीवर बसा, ऐसपैस. खोकी राहू द्या तिथंच दाराशी, कुणी नेत नाही — इथं लोक एकमेकांच्या कल्पना चोरतात, खोकी उचलायचे कष्ट कोण घेतो? दोनच खोकी? साडेचार वर्षांची दोनच? एक पुस्तकांचं असेल आणि एक वह्यांचं. वह्यांचं जड असणार, पोरीला सगळं लिहून ठेवायची सवय — आज हवा दमट, आज पंपाचा आवाज वेगळा, आज काका गप्प. हो, तेसुद्धा लिहायची, मी पाहिलंय. काका म्हणजे मी. एकट्या तुमच्या पोरीचा नाही, या मजल्यावरच्या सगळ्यांचाच. पाटीवर 'तांत्रिक सहायक' लिहिलंय, सर हाक मारतात 'मिस्त्री', पोरं म्हणतात काका, आणि घरी बायको काय म्हणते ते जाऊ द्या. पोरीला वेळ लागेल हो. वरच्या कारकूनबाई चहाला गेल्या असणार, त्या चहाला गेल्या नाहीत असा दिवस मी बत्तीस वर्षांत पाहिला नाही. आणि पीएचडीतून नाव काढून घ्यायच्या कागदावर सह्या चार — इथं यायला एक सही पुरते, सुटायला चार लागतात. तोवर बसा. मला बोलायला माणूस मिळालं, तुम्हांला टेकायला खुर्ची मिळाली.

हे होय? विचारा की, त्यात लाजायचं काय! मोठमोठे लोक लाजतात, समोर नुसती मान डोलावतात आणि जाताना मला हळूच बाजूला घेऊन विचारतात, मिस्त्री, यातून निघतं काय? चांदी निघते. आत चांदी जाते आणि बाहेर चांदीच येते — म्हणजे सोनाराचं दुकान परवडलं, तिथं निदान दागिना तरी होतो. पण थांबा, गंमत मधे आहे. ही पहिली भट्टी, हिच्यात शेंगदाण्याएवढा चांदीचा तुकडा. तापमान अकराशे. तिथं चांदी वितळते आणि वर तिची वाफही व्हायला लागते. त्या कोपऱ्यातल्या टाकीतून नायट्रोजन येतो, अगदी शुद्ध, तो त्या वाफेला ढकलत या नळीतून पुढं नेतो. पुढं नळी गार. गार पडलं की वाफेला सुटं राहवत नाही. गरम पाण्यानं आंघोळ केली की आरशावर कसं दव धरतं, तसं — फक्त इथं आरसा नसतो, अधांतरीच धरतं. चार अणू इथं चिकटले, दहा तिथं, शंभर पलीकडं — झाल्या गोळ्या. केवढ्या? तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या, उरलेत त्यातला — रागावू नका, माझेही तेवढेच उरलेत — त्या केसाच्या जाडीत अशा आठ हजार गोळ्या शेजारी शेजारी मावतील. सर हे वाक्य दर पाहुण्याला ऐकवतात आणि दर वेळी नकळत स्वतःच्या टकलावरून हात फिरवतात. त्या वेळी हसायचं नाही असा इथला नियम आहे.

बरं, एवढं बारीक झाल्यावर चांदीला आपण चांदी आहोत याचाच विसर पडतो. तोळाभर चांदी वितळवायची तर साडेनऊशेच्या वर तापवावी लागते. ही पिल्लं अडीचशेलाच मऊ पडतात. रंग तर विचारूच नका. सुट्या, गोल गोळ्या असल्या की नळीच्या शेवटी त्यांना अडवायला लावलेल्या पांढऱ्या चकतीवर पिवळा डाग पडतो — हो, चांदीचा पिवळा डाग, मलाही पहिल्यांदा वाटलं सर हळद लावून आणतात. आणि त्याच गोळ्या एकमेकींना चिकटून साखळ्या झाल्या, जळमटासारख्या, की डाग काळपट. तीच चांदी, तेवढीच चांदी. म्हणून ही दुसरी भट्टी ठेवलीय, अडीचशेची. हिच्यातून जाताना साखळी मऊ पडावी, आकसावी आणि तिचा छान गोल गोळा व्हावा. व्हावा — पण होत नाही. बाकी जगात कुठंही अडीचशेला पुरता होत नाही, अर्धवट होतो, वेडावाकडा होतो, चकती काळीच निघते. आमच्याकडं होतो. ती भिंतीवरची चौकट बघा, पिवळीधम्मक चकती. लोक आजोबांचा फोटो लावतात, सरांनी हिला लावलंय. हिच्या जिवावर पाच लेख छापून आले, दोन बक्षिसं मिळाली, आणि आज चार वाजता समिती येतेय. तिच्या डोळ्यांदेखत पिवळी चकती काढायची आणि पुढच्या पाच वर्षांची मंजुरी पदरात पाडून घ्यायची. म्हणून तर सकाळपासून मशीन सुरू आहे. दर दहा मिनिटांनी एक चकती. ही आत्ताची — बघा, कशी आलीय. समितीला पसंत पडली तर मलाही दोन वर्षं वाढवून मिळणार, पुढच्या महिन्यात साठ पुरी होताहेत ना मला. सरांनी तसं लिहून दिलंय: हा माणूस गेला तर मशीन बंद पडेल. माझ्याबद्दल असं कुणी कधी लिहिलं नव्हतं हो. लग्नाच्या वेळी माझी चौकशी झाली तेव्हाही माझ्या सख्ख्या मामानं 'मुलगा निरुपद्रवी आहे' एवढंच सांगितलं होतं.

सापडलं कसं? अहो ते ऐकाच. सर भाषणात डोळे मिटून सांगतात — मी एकांतात होतो, बाहेरच्या जगाशी संबंध तुटला होता, काळाचं भान नव्हतं. खोटं एक अक्षर नाही. लिफ्टमधे अडकले होते! दोन मजल्यांच्या मधोमध. आम्ही त्यांना मागं सिलिंडर म्हणतो, आकारावरून म्हणतो आणि आत सारखा दाब असतो म्हणूनही म्हणतो — तर सिलिंडर अडकला लिफ्टमधे आणि आतून दार बडवायला लागला. मी इथंच होतो, पाना हातात, हाच जोड बसवत होतो, दोन भट्ट्यांच्या मधला. कुणीतरी ओरडलं, मिस्त्री पळा. तसाच पाना घेऊन पळालो. पाऊण तास लागला. त्याच पान्यानं दार उचकटलं, सरांना पाय धरून बाहेर ओढलं — आधी पाय आले, मग बराच वेळ काही आलं नाही, मग बाकीचे सर आले. घामानं निथळलेले, लाल झालेले. आपण अडकलो होतो याचा राग कुणावर काढायचा? माझ्यावर. म्हणाले, उभे काय राहिलात, सुरू करा मशीन! सुरू केलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा पिवळी चकती आली. सर चकतीकडं बघतात, मी सरांकडं बघतोय, आणि लिफ्टचा लाल दिवा अजून लुकलुकतोय. दोनच दिवसांत त्यांनी वर्तमानपत्रवाल्याला बोलावलं.

मग सुरू झाली पत्रं. इकडून पत्र, तिकडून पत्र — आम्ही तुमच्यासारखंच सगळं केलं, तीच भट्टी, तीच नळी, तोच नायट्रोजन, पण आमची चकती काळी. सर हसायचे. एकदा एक पाहुणा आला, उंच, चष्मेवाला, आठवडाभर राहिला, सगळी मापं घेऊन गेला, माझ्या बुटांचाही फोटो काढला त्यानं. घरी जाऊन लिहिलं: काळी. तेव्हा सर म्हणाले ते वाक्य मला पाठ आहे — 'यंत्र सगळ्यांकडं आहे हो, पण आमच्या मिस्त्रीच्या हाताला गुण आहे.' सगळ्यांसमोर म्हणाले, टाळ्या पडल्या. आता तुम्हीच सांगा, सत्तावीस वर्षं ज्या माणसाला 'ट्यूब गेलीय, बघा जरा' याशिवाय या इमारतीत कुणी काही बोललं नाही, त्याच्या हाताला एकदम गुण! लोक येऊन माझे हात बघायला लागले. एक बाई तर म्हणाल्या, तुम्ही काही विशेष व्यायाम करता का बोटांचा? मी म्हटलं, हो, भांडी घासतो. मी चढलो हो हरभऱ्याच्या झाडावर, सरसर चढलो. घरी चहाचा कप धरतानासुद्धा करंगळी बाहेर यायला लागली. बायको म्हणाली, करंगळीला काय झालंय, दाखवून या डॉक्टरला.

तर अशात तुमची पोर आली. तुम्हांला सांगतो, इतकी कामसू पोर या मजल्यावर झाली नाही. सरांनी सांगितलं, शेजारच्या खोलीत तू दुसरं मशीन उभं कर, हुबेहूब याच्यासारखं, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. केलं तिनं. एकटीनं. मापानं केलं, हौसेनं केलं, आणि काय ते तिचं साबणाचं वेड! बशीत साबणाचं पाणी, हातात जुना ब्रश, मशीनमधे वायू भरायचा, दाब चढवायचा आणि एकेका जोडाला साबण लावून बसायचं, बुडबुडा येतो का बघत. अर्धा अर्धा तास, एकेका जोडापाशी. पोरं तिला साबणबाई म्हणायची. मी विचारलं, एवढं कशाला गं? तर म्हणाली, काका, जोड गळला की मला झोप येत नाही. असं कुठं शिकली म्हटलं, तर नुसती हसली.

तुम्ही? तुम्ही काय करता? ... नळकाम? पाइप, फिटिंग, तेच? अरे वा. अरे वा... म्हणजे तुम्हीच शिकवलंत. हां. लहानपणी बॅटरी धरायला बरोबर यायची म्हणता, सिंकखाली वाकून, तुम्ही जोड आवळायचा आणि तिनं बोटानं चाचपून सांगायचं, बाबा कोरडं आहे. गळका जोड ठेवून घरी यायचं नाही — असं सांगायचात? बरोबरच आहे. चांगलीच शिकवण आहे ती. म्हणजे मी त्या शिकवणीविरुद्ध काही बोलणार नाही. किती वर्षं म्हणालात नळकाम? छत्तीस. छत्तीस वर्षं म्हणजे — म्हणजे तुम्हांला नुसतं बघूनही कळत असेल बरंच काही.

पाणी देऊ? नको? तर काय सांगत होतो — तिची चकती काळी आली. पहिली काळी, दहावी काळी, तीनशेवी काळी. सगळं माझ्यासारखं करायची, माझ्या मागं उभी राहून बघायची, मी पाना कसा धरतो, कुठल्या हातानं फिरवतो, कधी श्वास घेतो. तिनं ते लिहूनसुद्धा ठेवलं असेल वहीत, काका श्वास कधी घेतात. एकदा तर डाव्या हातानं करून पाहिलं तिनं, मी डावरा आहे म्हणून. आणि सर — आता त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं, पण — भर बैठकीत म्हणाले, 'तुझ्या हाताला गुण नाही, मान्य कर.' मोठ्यानं म्हणाले. तिनं आपले हात उलटे केले, सुलटे केले, नीट बघितले, म्हणजे खरंच तपासले हो, जसं आपण एखादा बिघडलेला पार्ट तपासतो. त्यानंतर महिन्याभरात तिनं नाव काढायचं ठरवलं. मी काय केलं? मी होतो ना तिथंच, दाराशी उभा होतो. खिशात हात घालून.

अहो — अहो तिकडं नको, गरम आहे ते! तसं तिथं गरम नाही, पलीकडं आहे, पण सवय नसलेल्या माणसानं — हो, तुम्हांला सवय आहे, कळलं. तो साधा जोड आहे. दोन्ही भट्ट्यांच्या मधला, मघाशी सांगितला तोच. त्यात बघण्यासारखं काही नाही. नट आहे, नटासारखा नट. समितीसाठी पुसून ठेवलाय म्हणून चमकतोय. बसा ना तुम्ही. बसा. त्याला हात — लावलात. लावलातच हात.

हं.

असे बघू नका माझ्याकडं. आहे ढिला. बोटानं हलतो, खरं आहे. मला माहीत आहे. पाव फेरा. बरोबर पाव फेरा, जास्त नाही, कमी नाही. विसरलो असं म्हणू का? तुम्ही छत्तीस वर्षं नळकाम केलेला माणूस, तुमच्यासमोर मी विसरलो म्हणून चालेल का? पहिल्यांदा विसरलो होतो, देवाशपथ! लिफ्टकडं पळालो तेव्हा नुसता बोटानं लावलेला राहिला, परत येऊन सरांच्या आरडाओरड्यात आवळलाच नाही. दोन दिवस पिवळ्या चकत्या येत राहिल्या. तिसऱ्या दिवशी साफसफाईला हात लावला तर नट हलला. आवळला मुकाट्यानं — आणि पुढची चकती काळी. पुन्हा सैल केला, पिवळी. आवळला, काळी. दुपारभर मी तेवढंच करत बसलो. आत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, पंप ओढत असतो ना, म्हणजे जोड ढिला असला की आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जातं. हवा जाते. तुमची आमची फुकटची हवा, चिमूटभर. त्या हवेतला प्राणवायू चांदीच्या अंगाला लागतो आणि चांदी सैलावते, साखळी आकसते, गोल होते. मला असं वाटतं, मी काय, मिस्त्री. गेजला ते कळत नाही, गेजच्या काट्याच्या जाडीतच ते लपतं. सगळ्या जगानं शुद्ध नायट्रोजन, शुद्ध नायट्रोजन म्हणून डोकं फोडून घेतलं आणि इथं खिडकी उघडी म्हणून रस्त्यावरची हवा आत जात होती, रिक्षांच्या धुरासकट.

सांगणार होतो. तिसऱ्याच दिवशी सांगणार होतो. सरांच्या दाराशी गेलोही होतो, तर आत तो वर्तमानपत्रवाला बसलेला आणि सर एकांताचं सांगत होते. म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पेढा भरवला, हातानं. म्हटलं परवा. मग हाताला गुण आला. मग कसं सांगायचं? मीच म्हणायचं का, अहो माझ्या हाताला गुणबिण काही नाही, मी नट आवळायला विसरलो? ज्या एका गोष्टीसाठी लोक मला ओळखायला लागले ती माझी चूक होती म्हणून? तुम्ही सांगितलं असतं? ... हो. तुम्ही सांगितलं असतं. दिसतंय तुमच्या तोंडावर. मी तुमच्यासारखा नाही, मी मूग गिळून बसलो. पाच वर्षं पाव फेरा सैल करत आलो, सगळ्यांची पाठ वळली की. पोर मागं उभी असली की म्हणायचो, बाळ, जरा त्या गेजचा आकडा बघ. ती तिकडं वळायची, आकडा वाचायची, मोठ्यानं वाचायची — तेवढ्यात मी इकडं.

सगळंच ऐका आता. सहा महिन्यांपूर्वी ती बशी घेऊन इथं आली होती. माझ्या मशीनला साबण लावायला. म्हणाली, काका, एकदाच लावून बघू द्या, मला फक्त खात्री करायची आहे. ती पोचली होती हो! स्वतःच्या डोक्यानं पोचली होती, त्या नटापासून हातभर लांब उभी होती. आणि मी तिच्यावर ओरडलो. बत्तीस वर्षं काम करतोय मी, माझ्या जोडाला साबण लावतेस? इतका ओरडलो की पलीकडची पोरं आत आली. तिनं बशी खाली ठेवली, सॉरी काका म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी चहाही घेऊन आली. मी प्यायलो तो चहा. माझी मला लाज वाटते हो. आता वाटते असं नाही, तेव्हाही वाटत होती, पण लाज वाटून माणूस सुधारतो असं जे म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत तरी साफ खोटं ठरलं. मी लाजत लाजत तेच करत राहिलो.

तुम्हांला कळतंय ना याचा अर्थ? तिची चकती काळी येत होती ती बरोबर येत होती. जोड कोरडे, नायट्रोजन शुद्ध, चकती काळी — हेच खरं उत्तर आहे. साडेचार वर्षं खरं उत्तर काढलं तिनं, रोज काढलं, लिहून ठेवलं, आणि आम्ही तिला सांगितलं तुझा हात वाईट. तुम्ही दाराशी ठेवलंय ना ते वह्यांचं खोकं, या आख्ख्या इमारतीत खरे आकडे तेवढेच आहेत. आणि नट आवळून काळी, सोडून पिवळी असं तिला कळलं असतं, तर हवा किती गेली की काय होतं हे तिनं थेंबाथेंबानं मोजून दाखवलं असतं. सरांच्या पाच लेखांच्या वरचं काम झालं असतं ते. मला कळतं एवढं. बत्तीस वर्षं इथं झाडू नाही मारला मी.

अहो — पाना कशाला घेतलात? अहो काय करताय — अहो चार वाजता समिती आहे! ऐका, ऐका माझं, समिती जाऊ दे, मग मी स्वतः — आज नको, उद्या सकाळी मी स्वतः सरांकडं — नका हो —

आवळलात.

एका झटक्यात आवळलात. सवयच ती, नाही का? गळका जोड दिसला आणि हातात पाना आला की तुमच्यासारख्याचा हात थांबत नाही. हात मात्र सुरेख आहे तुमचा, दुसऱ्यांदा पाना लावावा लागला नाही. पोरीचा अगदी असाच आहे. अस्साच. मनगटातून फिरवते, खांदा हलत नाही... आता बसा. बसा दोन मिनिटं, ओरडणार नाही मी. बदलायचीच आहे चकती. मघाची काढतो, ही नवी लावली. आता जे येईल ते येईल. बोला काहीतरी. तुम्ही एक शब्द बोलत नाही, त्यानं माणूस वेडा होतो, आल्यापासून सगळं मीच बोलतोय आणि बोलता बोलता स्वतःच्याच गळ्यात — घरात पण असेच गप्प असता का? ती पण अशीच. आठ आठ तास इथं बसायची, एक शब्द नाही. मला वाटायचं माझ्यावर विश्वास आहे म्हणून गप्प आहे.

पावणेचार वाजले. दहा मिनिटं झाली, बघतो... हं. घ्या, तुम्हीच बघा. काळी. काजळासारखी काळी. तुमच्या पोरीची चकती. तिच्या खोलीत अशा नऊशे चकत्या आहेत डब्यांत, प्रत्येकीवर तारीख घातलेली.

पाना द्या इकडं. नाही, नट सैल करत नाही. द्या म्हणतो ना. हे बघा, खिडकीबाहेर टाकला. खाली गवत आहे, कुणाला लागणार नाही... दुसरा पाना आहे ड्रॉवरमधे, हो, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. तोच तर घोळ आहे. म्हणून आता तुम्ही बसू नका. उठा. वर जा, तिसरा मजला, उजवीकडं वळलात की शेवटची खोली. चौथी सही झाली नसेल तर होऊ देऊ नका, झाली असेल तर कागद मागून घ्या, बाई भांडतील, भांडू द्या. पोरीला खाली आणा. काय झालं ते तुम्ही सांगू नका, मी सांगतो, तिच्यासमोर सांगतो, समिती आली असली तर समितीसमोर आणि सिलिंडरसमोरही. मी येऊ तुमच्याबरोबर? नको. मी स्वतःला ओळखतो, पहिल्याच जिन्यावर मला काहीतरी काम आठवेल. खोकी राहू द्या हो! आधी ती!

जा ना. माझ्याकडं काय बघताय? आत्ता मी सांगायला तयार आहे, दहा मिनिटांनी असेन की नाही, मला माहीत नाही. पळा.